कारध्याच्या पिचरची बायको

आपला नवरा पिचर आहे, हे सत्यभामाला लग्नाच्या दिवशी कळलं. कळलं म्हणजे तेही उलटंच. तिच्या माहेरी, दिघोरीच्या विहारासमोर मांडव घातला होता, वंदना झाली होती, हार घालून झाले होते. जेवणाच्या पंगतीत कारध्याहून आलेली वऱ्हाडी मंडळी एकसारखी "आमचा पिचर, आमचा पिचर" करत होती. सत्यभामाची मावशी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "काहून वो, नवरदेव पिच्चरमधी काम करते का?"

सत्यभामा घाबरली. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. उंच, सावळा, खांदे थोडे पुढे झुकलेला माणूस मान खाली घालून बसला होता आणि डाव्या हातानं भात कालवत होता. पिच्चरमधला तर तो वाटत नव्हता.

तेवढ्यात एक ठेंगणा, रुंद छातीचा माणूस बुंदीची बादली घेऊन समोर आला.

"वहिनी, मी परसराम. जीवनचा कॅचर. यानं टाकाचा आन् मी झेलाचा. तुमी बेसबाल पाह्यलं का कदी?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"मंग तुमी काईच नाई पाह्यलं," परसराम बादली खाली ठेवून हातवारे करत सांगू लागला. "किरकेटात बॉल टप्पा घेऊन येते. इथं टप्पा नाई. पिचरनं उंचवट्यावर उभं राहाचं आन् सरळ माझ्या पंजात घालाचा. मधात दांडका घेऊन उभा राह्यलेला पोट्टा पाहतच राहते. याचा बॉल तं मलेबी दिसे नाई, नुसता आवाज ये." मग तो जीवनकडे बघून हसला. "तुमी जरा उशिरा आल्या, वहिनी."

पंगतीतले सगळे हसले. जीवनही हसला, पण खाली बघून.

कारध्यात नांदायला आल्यावर सत्यभामाला हळूहळू सगळी हकिकत समजली. ती तिला नवऱ्यानं सांगितली नाही, गावानं सांगितली. पाणी भरायला गेली तरी कुणी सांगायचं, दळण आणायला गेली तरी कुणी थांबवून सांगायचं. वैनगंगेच्या पलीकडे भंडारा शहर, तिथं सिनेमाची टॉकीज, कचेऱ्या, मोठा बाजार. अलीकडे कारधा, आणि कारध्यात काय, तर बेसबॉल. कृष्णराव सर नावाचे खेळाचे मास्तर बदलून शाळेत आले होते. कुठल्याशा शिबिरात हा खेळ शिकून आले आणि तांदळाच्या पोत्यात भरून बॉल झेलायचे चार चामडी पंजे, दोन बॅटी आणि थोडे बॉल घेऊन आले. सुरुवातीला लोक हसले. पण सरांनी पोरांच्या हातात बॉल दिला आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत जे काही घडलं ते पाहायला हळूहळू सगळं गाव गोळा होऊ लागलं. डावखुरा अमर होता, सुगत होता, आणि सगळ्यांच्या वर जीवन. त्या काही वर्षांत पूर्ण विदर्भात कारध्यासारखे पिचर नव्हते, असं गाव म्हणायचं. भंडाऱ्याचे कॉलेजातले पोट्टे सायकलीवर पूल ओलांडून यायचे, वकील यायचे, डॉक्टर यायचे. ज्या गावाकडे कुणी मुद्दाम वळत नव्हतं, त्या गावात खेळ बघायला माणसं यायची, ही गोष्ट लोकांच्या मनातून कधी गेली नाही.

सगळ्या गोष्टींचा शेवट मात्र तुमसरच्या फायनलवर यायचा. ती गोष्ट मारोतराव सांगायचे. मारोतरावांचं वळणावर किराण्याचं दुकान होतं आणि सामन्याच्या दिवशी ते ऐन गिऱ्हाइकीत दुकान बंद करून जायचे.

"सकाळी एक मॅच जीवननं काढली," मारोतराव सांगत. "दुपारी फायनल. राइस मिलचे हमाल, बाजारातले अडत्ये, सब लोक आले. मैदानाच्या बाजूनं धानाचे ट्रक उभे होते, त्याच्या पोत्यायवर माणसं बसली. कृष्णराव सर म्हणे, दुसऱ्याले टाकू देऊ. आमी म्हटलं, नाई! जीवन! जीवन! सारं मैदान बोंबलून राह्यलं होतं, वहिनी. सरनं इचारलं, टाकशील का? यानं म्हटलं, टाकतो. आन् काय टाकला! शेवटचा बॉल टाकला तवा समोरचा पोट्टा बॅट खाली ठेवून निघूनच गेला. मंग आमी याले उचलला. खांद्यावर घेऊन मैदानाले चक्कर मारली."

मारोतरावांची गोष्ट तिथं थांबायची. परसरामचीही तिथंच थांबायची. त्याच्या पुढचं सत्यभामाला नवऱ्यानं एकदाच सांगितलं, तेही तिनं खोदून विचारल्यावर. शेवटचा बॉल हातातून सुटला तेव्हा खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि हात लोंबला. लोक धावत आले आणि त्याला उचललं ते त्याच हाताला धरून. तो ओरडला, पण तेव्हा सगळेच ओरडत होते.

दोन-तीन महिने मालिश झाली, लेप झाले, मग नागपूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं. त्यानंतर जीवनचा उजवा हात छातीच्या वर कधी गेला नाही.

म्हणजे सत्यभामाच्या वाट्याला जो हात आला तो हा. सदरा घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग डावी. डोक्यावरून घालायचा बनियान बंद. मागचे केस तिनं विंचरायचे. लोकांना तो हात जिथपर्यंत ठाऊक होता, त्याच्या पुढचा तिला ठाऊक होता. थंडी पडली, की जीवनचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर जायचा. हनुवटी दुसरीकडे वळवून, कुठंतरी लांब बघत तो खांदा दाबत राहायचा. कुणी पाहिलं तर लगेच हात खाली. ती मोहरीचं तेल कोमट करून आणायची आणि काही न बोलता चोळायची.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, ती नवी होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी अंगणात निंबाच्या सावलीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "सारं गाव म्हणते मी काई पाह्यलंच नाई. मले एक टाकून दाखवा ना."

जीवन खाटेवर बसला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. सुपाजवळ लिंबं ठेवली होती, त्यातलं एक डाव्या हातानं उचललं आणि अलगद फेकलं. ते बरोबर तिच्या पदरात पडलं.

"झालं," तो म्हणाला. "हाच माझा बॉल. आता सांग गावाले, मीबी पाह्यला म्हून."

ती हसली. पण नंतर पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या एका शाळेत जीवनला शिपायाची नोकरी लागली. सकाळी सायकलवर पूल ओलांडायचा, खोल्या उघडायच्या, घंटा द्यायची. घंटाही डाव्या हातानं. सत्यभामा धानाच्या रोवणीला जायची, पुढे अंगणवाडीत मदतनीस झाली. गावातल्या निम्म्या पोरांना तिनं खिचडी भरवली. एकच मुलगी झाली, प्रतिक्षा. संसार काही वाईट नव्हता. जीवन दारू प्यायचा नाही, हात उगारायचा नाही. वांग्याची भाजी तिच्यापेक्षा चांगली करायचा. रेडिओवरच्या बातम्या ऐकताना तो प्रत्येक बातमीवर हळू आवाजात काहीतरी बोलायचा, आणि ते इतकं मजेशीर असायचं की सत्यभामाला पोळी लाटता लाटता हसू फुटायचं. बाहेर मात्र त्याचा हा विनोद कुणालाच माहीत नव्हता. बाहेर तो मुका.

रविवारी चार वाजले, की शाळेच्या भिंतीवर मंडळी जमायची. मारोतराव, परसराम, आणखी पाच-सात जण. केस पिकले तरी जमायची. जीवनला घेऊन जायला कुणीतरी यायचंच. मग तीच फायनल, तोच पोत्यांवरचा जमाव, तोच बॅट टाकून गेलेला पोट्टा. समोर मैदानावर मुलं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत असायची. त्यांच्याकडे हात करून मारोतराव म्हणायचे, "हे काय खेळ हाये? आता कोन टाकते तसा बॉल? गेला तो जमाना."

जीवन मधोमध बसायचा. ऐकायचा, हसायचा. "हो का?" म्हणायचा, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट चालली आहे. पण घरी आल्यावर त्याची जेवणावर वासना नसायची. ताटात बोटं फिरवत बसायचा. रेडिओ लावला तरी त्या दिवशी एकाही बातमीवर काही बोलायचा नाही. सोमवार उजाडला की पुन्हा नीट व्हायचा.

एकदा सत्यभामा मारोतरावांच्या दुकानात गेली. गूळ घेतला, साबण घेतला, आणि गिऱ्हाईक कमी झालं तसं म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? रागावू नोका. त्यायच्यासंग दुसरं काई बोलत जा ना. धानपाण्याचं बोला, पोट्ट्यापोट्टीचं बोला. रविवारी घरी येतेत तं जेवत नाईत."

मारोतरावांनी तराजू खाली ठेवला. ते रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा लहान पोरासारखा पडला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी बारा वर्साचा होतो तवापासून या गल्ल्यावर बसून हावो. बाप बसवून गेला तवापासून. आमच्या पुऱ्या जिंदगीत तेवढंच तं झालं. ते नाई बोलाचं तं काय बोलाचं?"

 सत्यभामा पिशवी उचलून घरी आली. त्यानंतर तिला त्या माणसांचा राग यायचा, पण पूर्वीसारखा येत नव्हता.

जीवन नोकरीतून निवृत्त व्हायच्या बेतात होता तेव्हा मारोतराव एक दिवस धापा टाकत घरी आले. तुमसरच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या अडगळीत जुन्या कॅसेटी निघाल्या होत्या. लग्नाची शूटिंग करणाऱ्या त्या फोटोग्राफरनं ती फायनल कॅमेऱ्यात घेतली होती. मारोतरावांनी खटपट करून ती नागपूरहून पेनड्राइव्हमध्ये भरून आणली होती.

"जीवन, अरे गा, तू दिसते! आपल्या डोळ्यानं पाहू! सत्यभामा वहिनीनं तं पाह्यलंच नाई कदी. चल, आताच चल, माझ्या घरी मोठ्या टीव्हीवर लावतो."

सत्यभामानं हातातलं काम सोडलं. ती पदर सारखा करून उभी राहिली. पण जीवन उठला नाही.

"राहू द्या," तो म्हणाला.

"अरे पण..."

"मारोतभाऊ, राहू द्या. मी हावो तवरी तं नोका लावू."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण सत्यभामानं इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून बाहेरच्या माणसाला 'नाही' ऐकलं नव्हतं. मारोतराव पेनड्राइव्ह खिशात घालून गेले. दिवस मावळेपर्यंत ती वाट बघत राहिली, की तो आपणहून काही सांगेल.  त्यानं भाजीला वांगी चिरायला घेतली.

मागच्या वर्षी हलक्या धानाची कापणी सुरू झाली आणि त्याच दिवसांत जीवन गेला. आजारी नव्हता. सकाळी अंगणात तोंड धुताना "छातीत भरून आल्यावानी वाटते," म्हणाला आणि ओट्यावर टेकला. परसरामनं मोटारसायकल आणली, मागे धरून बसायला दुसरा एक जण आला. पूल ओलांडून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. प्रतिक्षा नागपूरहून आली तेव्हा तिला बोलायला बाप नव्हता.

विहारात शोकसभा झाली. भंडाऱ्याहून माणसं आली, तुमसरहून आली; सत्यभामानं कधी पाहिली नव्हती अशी पांढऱ्या केसांची माणसं आली आणि तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली. एकेक जण माइकजवळ जाऊन बोलला. डावखुरा अमर पुण्याहून आला होता. तो म्हणाला, कारध्याचा सोन्याचा काळ आज संपला. दुसऱ्यानं फायनलचा शेवटचा बॉल सांगितला. तिसऱ्यानंही तोच सांगितला. खोटं कुणाचंच नव्हतं. सत्यभामा पांढऱ्या लुगड्यात पुढं बसली होती. तिला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, हा माणूस बातम्या ऐकताना असा बोलायचा. कुणीतरी म्हणेल, याच्या हातची वांग्याची भाजी. पण ते कुणाला ठाऊकच नव्हतं, तर म्हणणार कोण? आणि जिला ठाऊक होतं तिला उठून माइकजवळ जाववत नव्हतं.

महिना उलटला. एका रविवारी परसराम आणि मारोतराव दोघं मिळून घरी आले आणि ओट्याच्या कडेला अवघडून बसले.

"वहिनी," मारोतराव म्हणाले, "तो म्हणे, मी हावो तवरी नोका लावू. आता..." त्यांनी खिशातला पेनड्राइव्ह काढून ओट्यावर ठेवला. "तुमची इच्छा असंन तं. नाई तं नाई."

प्रतिक्षा सुट्टी घेऊन राहिली होती. ती आईकडे बघत होती.  सत्यभामा उठली, पायात चप्पल घातली.

मारोतरावांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, भिंतीला मोठा टीव्ही होता. त्यांच्या सुनेनं, राखीनं, चटई अंथरली, पाणी दिलं. भिंतीवर बसणारी सगळी मंडळी आली होती. सत्यभामा आणि प्रतिक्षा सगळ्यांच्या पुढे.

फोटोग्राफर लग्नाचा होता, ते लगेच दिसलं. सुरुवातीला बराच वेळ नुसते पाहुणे, हारतुरे, स्टेजवरच्या खुर्च्या. मग ट्रकवरच्या पोत्यांवर बसलेली माणसं. "तो मी! तो पाहा मी!" मारोतराव ओरडले. पडद्यावर एक काळ्याभोर केसांचा तरुण दोन्ही हात उंच करून नाचत होता.

मग कॅमेरा फिरला आणि जीवन दिसला.

सत्यभामाचा हात तोंडावर गेला. तो इतका बारीक होता. खांदे सरळ, मान ताठ. असा ताठ तिनं त्याला कधी पाहिलाच नव्हता. तो उंचवट्यावर उभा राहिला, गुडघा वर घेतला, अंग मागे गेलं आणि उजवा हात डोक्याच्या वरून, पार वरून, असा आला, की तिच्या तोंडून "माय!" निघून गेलं. तो हात वर गेला होता. ज्या हाताला तिनं इतकी वर्षं बाही चढवली, तो आभाळाकडे गेला होता आणि परत आला होता. धप्प असा आवाज झाला. मागची मंडळी ओरडली, जशी तेव्हा ओरडली असेल तशीच.

"पाह्यलं का वहिनी? पाह्यलं का?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. उशिरा का होईना, गावानं जे पाहिलं ते तिनंही पाहिलं.

पुन्हा एक बॉल झाला. पुन्हा ओरडा. तिसऱ्यानंतर कॅमेरा चुकून त्याच्यावरच थांबला. परसरामकडून परत आलेला बॉल त्यानं झेलला, पाठ वळवली, झेलायचा पंजा काढून काखेत धरला, आणि डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. हनुवटी दुसरीकडे वळवली. लांब कुठंतरी बघत खांदा दाबला. मग लगेच हात खाली.

सत्यभामाचं हसणं थांबलं.

पुढच्या बॉलनंतर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यानंतरही. प्रत्येक वेळी पाठ वळवून. मागे माणसं टाळ्या वाजवत होती, "आता बघ, आता हा बघ!" म्हणत होती, आणि दोन बॉलांच्या मधे तिचा नवरा एकटा उभा राहून खांदा दाबत होता. शेवटचा बॉल यायचा होता. जमाव "जीवन! जीवन!" करत होता. सपरीतलीही दोघं-तिघं त्यात आवाज मिसळू लागली.

"बंद करा," सत्यभामा म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. प्रतिक्षानं पुढे होऊन रिमोट घेतला आणि पडदा थांबवला. 

सत्यभामानं मागे वळून परसरामकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं तिला. "परसरामभाऊ, तुमी तं समोरच बसले होते. ते खांदा दाबून राह्यले होते. तुमाले नाई दिसलं?"

परसरामनं थांबलेल्या पडद्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. 

"आमी बॉल पाहत होतो, वहिनी," तो म्हणाला.

मारोतराव उठून आत गेले. शेवटचा बॉल त्या दिवशी कुणी पाहिला नाही.

प्रतिक्षानं ते सगळं चित्रण आपल्या मोबाइलमध्ये घेतलं आणि आईच्याही मोबाइलमध्ये घालून दिलं. नागपूरला परत जाताना ती म्हणाली, "आई, नको वाटलं तर काढून टाक." सत्यभामानं काढलं नाही. दुपारी अंगणवाडीतून आली, की ती ओट्यावर बसून ते लावायची. बॉल टाकण्याचा भाग ती पुढे ढकलायची. एक जागा तिला सापडली होती. दोन डावांच्या मधे खेळाडू सावलीत बसलेले, आणि फोटोग्राफर स्टेजकडे जाता जाता त्यांच्यावरून कॅमेरा फिरवत गेलेला. जीवन जमिनीवर बसला आहे, पाय लांब केलेले, हातात पाण्याचा गिलास. बाजूचा कुणीतरी काहीतरी बोलतो. तो माणूस दिसत नाही, नुसता गुडघा दिसतो. आणि जीवन हसतो. खाली बघून नाही. मान मागे टाकून, सगळे दात दिसतील असा, गिलासातलं पाणी सांडेपर्यंत हसतो.

असं हसताना तिनं त्याला घरातही पाहिलं नव्हतं. घरी तो तिला हसवायचा, स्वतः ओठ मिटून बसायचा.

तो कशावर हसला, हे आपल्याला कळलंच पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. परसरामला दाखवलं. त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तो डाव कसा गेला, कोणत्या बॅटरला कोणता बॉल पडला, सगळं त्याला आठवत होतं. "हे नाई आठवत, वहिनी. हा गुडघा माझा नाई, मी पायाले कॅचरचे पॅड बांधून होतो." मारोतराव तर तेव्हा ट्रकवर होते. अमरला प्रतिक्षानं तो तुकडा पुण्याला पाठवून विचारलं. त्यानंही त्या डावाची सगळी हकिकत कळवली. हसण्याबद्दल म्हणाला, काही असेल, आम्ही पोरं होतो.

मग एका सुट्टीच्या दिवशी सत्यभामा एकटी तुमसरला गेली. कृष्णराव सर तिथं मुलाकडे राहत होते. खूप थकले होते, कानाला यंत्र होतं. ती कोण हे सांगितल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "मी त्याला विचारलं होतं, बाई," ते म्हणाले. "टाकशील का म्हणून विचारलं होतं. तो टाकतो म्हणाला."

"मले ते नाई इचाराचं, सर," ती म्हणाली. "मले एवढंच सांगा." आणि तिनं मोबाइल पुढे केला.

सरांनी चष्मा पुसला. पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचे ओठ हलायला लागले, आणि सत्यभामाला वाटलं, आता सांगतील. पण सर त्या सामन्याचे धावांचे आकडे मोजत होते. ते बरोबर आल्यावर त्यांना समाधान वाटलं. मग त्यांना तिचा प्रश्न आठवला आणि ते ओशाळले.

"हसला खरा," ते म्हणाले. "कशावर ते नाही आठवत गं."

त्यांच्या सुनेनं जेवायला थांबवलं. सत्यभामा दोन घास जेवली, सरांच्या पाया पडली आणि भंडाऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसली. बाहेर मिलच्या आवारात धान वाळत घातलं होतं, बाया पायांनी ते उलटंपालटं करत होत्या. गाडी गावाबाहेर निघाली तेव्हा प्रतिक्षाचा फोन आला.

"काय म्हणाले सर?"

"नाई आठवत त्यायले."

गाडीचा आवाज फार येत होता, म्हणून सत्यभामानं खिडकीची काच ओढून घेतली.

"आई, मी एक करू का? माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो जुन्या व्हिडिओचा आवाज साफ करून देतो. कदाचित तो बाजूचा माणूस काय बोलला ते ऐकू येईल."

सत्यभामानं तो तुकडा कितीदा कानाला लावून ऐकला होता. तिला त्यातला सगळा आवाज पाठ होता.

"नोको करू माय," ती म्हणाली. "त्याच्यात नुसते लोकच ओरडून राह्यले हायेत."